पाहुण्यांसाठी सोडलेलं पाणी

१२ फेब्रुवारी २००१, सोमवार

शी! तीनदा राखेनं हात घासले, तरी वास जात नाही. खालच्या रानातली हळद काढली आज. काढली कसली — उपसली! कुदळ मारली की काळा चिखल वर यायचा आणि त्यात कुजके कंद. दाबलं की नुसतं पाणी. आठ बायका लावल्या होत्या. दुपारी त्यातल्या चौघी उठून बांधावर जाऊन बसल्या. "बाई, मळमळून राहिलंय," म्हणाल्या. मलाही मळमळत होतंच.

वरच्या रानातली हळद मात्र ठणठणीत. मधे फक्त मातीच्या बांधाचा एक धुरा. पाऊस जाऊन चार महिने झाले, तरी खालच्या दोन एकरांत पाय टाकला की पचपच. पाटाचं पाणी वरून झिरपतं, खाली येऊन साचतं, आणि पुढे जायला वाट नाही. रान चिबड झालं आहे. हे सांगायला साहेब लागत नाही, नाक असलं की पुरे.

सासरे बांधावर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "यंदा बेणंच खराब व्हतं." मागच्या वर्षी खत खराब होतं. त्याच्या आदल्या वर्षी कुणाची तरी दृष्ट लागली होती. बेणं खराब, खत खराब, लोकांचे डोळे खराब. रान तेवढं उत्तम!

१५ फेब्रुवारी

आज पुन्हा चहा नासला. दूध ताजं होतं, पाणी आपल्या विहिरीचं, मचूळ. डाळ दोन तास चुलीवर होती — अजून दाणा न दाणा मोजून घ्या.

२० फेब्रुवारी

हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसतात. कारखाना दरवर्षी एक डायरी देतो, ती हे मला आणून देतात — "तुला लिहायची खोड हाय ना, घे." नवऱ्यानं दिलेली एवढी एकच वस्तू मी रोज वापरते.

उन्हं तापायला लागली आणि खालचं रान पांढरं झालं. मीठ फुटलं. सकाळी पाहिलं तर दोन एकरांवर पिठूळ थर — बोट लावलं की बोटाला चिकटतो. टाचांच्या भेगांत गेला की रात्रभर चुरचुरतो. थर जाड तिथं गवतसुद्धा उगवत नाही. त्या मिठाचा मला इतका राग येतो! पण खरं सांगायचं तर मिठाचा नाही. मीठ बिचारं लपत तरी नाही.

सत्त्याहत्तर साली लग्न होऊन आले, तेव्हा जेठ महिन्याचे दिवस होते. पहिल्यांदा रानात गेले आणि विचारलं, "इथं चुना कुणी सांडला?" जाऊबाई तोंडाला पदर लावून हसली. तिच्याकडूनच कळलं. आबा — माझे वडील — रान पाहायला यायच्या दोन दिवस आधी या घरच्यांनी खालच्या रानात पाणी सोडलं होतं. पाणी दिलं की मीठ विरघळून खाली जातं. चार दिवस रान कसं काळंभोर दिसतं! पाचव्या दिवशी वर येतं, पहिल्यापेक्षा जास्त. पण तोवर पाहुणे सुपारी फोडून गेलेले असतात.

इथं पाटाखालच्या सगळ्या गावांत हीच रीत. सोयरीक आली की आधी पाणी सोडायचं. दर सोयरिकीला रान आणखी बुडतं, आणि कुणाला त्याची लाज नाही.

आबांची मात्र एक गोष्ट सासरे अजून कौतुकानं सांगतात. रान पाहिलं, वाकले, चिमूटभर माती उचलली आणि प्रसादासारखी तोंडात टाकली! "असा देवमाणूस! कोरडवाहूचा गडी, पर मातीची काय ती कदर!" ज्याला फसवलं त्याचंच कौतुक! ऐकताना माझं अंग जळतं. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मी आबांना सांगितलं होतं, "आबा, फसलो आपण." ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. किती लागलं असेल त्यांच्या जिवाला! त्यानंतर मी तो विषय कधी काढला नाही.

२ मार्च

शेतीखात्याचे कृषी सहायक आले होते. चांगला माणूस वाटला. पँट गुडघ्यापर्यंत वर करून स्वतः खालच्या रानात उतरला. म्हणाला, चर खोदा. इथून तांड्यामागच्या नाल्यापर्यंत उघडा चर काढला, तर साचलेलं पाणी निघून जाईल आणि दोन-तीन पावसाळ्यांत मीठही धुऊन जाईल. नुसतं जिप्सम टाकून काही होणार नाही, आधी पाण्याला वाट पाहिजे. सरकारी योजना आहे. मातीचा नमुना द्या, रान खराब आहे असं लिहून सही द्या, बाकीचं खातं बघेल.

मी सगळा वेळ दाराआड उभी होते. मनात म्हटलं, चोवीस वर्षांनी कुणीतरी या रानाचं खरं नाव घेतलं!

सासरे म्हणाले, "रान खराब हाय म्हनून लिहून देऊ? कागदावर? अन् मंग सोमेश्वरला पोरगी कोन देईल?"

तीन ठिकाणं आली माझ्या पोराला, सोमेश्वरला. तिन्ही बांधावरून परत गेली, कारण आधी न कळवता आली. पाणी सोडायला सवडच मिळाली नाही!

हे म्हणाले, "मामा म्हंतात ते बराबर हाय." यांच्या वडलांना हे मामाच म्हणतात, घरात सगळेच म्हणतात. यांचं स्वतःचं असं मत मी अजून ऐकलेलं नाही.

३ मार्च

सही दिली नाही, पण नमुना दिला! कशाला? तर साहेबाचं मन राखायला. माती कुठली घेतली म्हणता? म्हसोबाच्या कोपऱ्यातली. उंचवटा, कडुलिंबाची सावली, शंभर वर्षांचं शेणखत. तिथं नांगरसुद्धा लागत नाही. सासऱ्यांनी ती माती चाळणीनं चाळली, खडे वेचले आणि कापडी पिशवीत भरली. मुलगी दाखवायची असावी तशी तिची तयारी!

मी म्हटलं, "मामा, ही माती आपल्या रानाची न्हाई."

"म्हसोबा काय दुसऱ्याच्या रानात बसलाय?"

आपलेच दात, आपलेच ओठ.

३० मार्च

नमुन्याचा कागद आला. जमीन उत्तम. सर्व पिकांस योग्य. चर योजनेची गरज नाही.

सासऱ्यांनी तो कागद गणपतीच्या फोटोमागं खोचून ठेवला आहे.

१ एप्रिल

तांड्यावर गेले होते. खालच्या रानाला लागून धुऱ्यापलीकडं फुलसिंगची जमीन. त्याची बायको जिवनबाई आणि मी एकाच वयाच्या, एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. धुऱ्याच्या दोन बाजूंना उभं राहून बोलतो, तेही इतक्या वर्षांत पाच-पंचवीस वेळाच. आज मी धुरा ओलांडला.

तिचं रान आमच्याहून वाईट. आमचं सगळं पाणी तिच्याकडं फुटतं. कापसाची झाडं वीतभर, पानांच्या कडा जळालेल्या. मला वाटलं शिव्या देईल. तिनं घोंगडी टाकली.

म्हणाली, "पानी आमचं न्हाई, मीठ आमचं न्हाई. भोगून मात्र आमी राहिलो."

मी म्हटलं, "चर काढायचा म्हणते. तुमच्या कडेनं न्यावा लागेल."

ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "नवा चर कशाला काढता बाई? हितं वहाळ व्हता की! तुमच्या रानामधून यायचा, आमच्या कडेनं जायचा, नाल्याला मिळायचा. माझी सासू सांगायची — तांड्याचे बैल त्याच्यात पानी प्यायचे. पाट आला त्या साली तुमच्या सासऱ्यानं ट्रॅक्टर लावून बुजविला. उसाच्या चार सऱ्या वाढल्या न्हवं!"

चार सऱ्या. चार सऱ्यांसाठी वाहतं पाणी गाडून टाकलं आणि तीस वर्षं लोकांची दृष्ट काढत बसले!

घरी येऊन सासऱ्यांना विचारलं. म्हणाले, "सगळ्यांनीच बुजविले तवा." म्हणजे खरं आहे.

जेवण गेलं नाही.

३ एप्रिल

सेनगावाकडच्या गोरेगावहून स्थळ आलं. माणिकराव म्हणून आहेत, कोरडवाहू शेती, मुलगी बारावी झालेली, शिवकन्या नाव. येत्या सहा तारखेला रान पाहायला येतात. या वेळी कळवून येतात!

घरात चुना काढून झाला. भिंतीचे पोपडे निघालेत तिथं नवी कॅलेंडरं लागली. पाहुण्यांच्या चहासाठी गावातल्या हापशाचं पाणी आणायचं ठरलं. विहिरीवर झाकण टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

४ एप्रिल

लिहू की नको?

लिहिते. इथं तरी खोटं नको.

आज आपली पाण्याची पाळी होती. हे कामावर, सोमेश्वर वसमतला गेलेला, सासऱ्यांचा गुडघा धरलेला. मला बोलावून म्हणाले, "नर्मदाबाई, खालच्या रानात पानी सोडून ये."

मी ज्वारी निवडत राहिले. ते पुढं बोलले, मऊ आवाजात. मऊ आवाज काढला की मला जास्त किळस येते. "पोरगं तेविशीचं झालं. अजून दोन साल गेले म्हंजे कोनी इचारनार न्हाई. तुझ्याच पोटचं हाय ना?"

फावडं घेतलं. गेले. पाटाच्या चारीचं तोंड फोडलं. दोन हातांनी फोडलं! पाणी आत शिरलं आणि त्या पांढऱ्यावर पसरत गेलं, आणि पांढरं नाहीसं होत गेलं. तासाभरात रान असं काळं दिसायला लागलं की कुणीही मुलगी द्यावी.

पलीकडं जिवनबाई उभी होती. माझ्याकडं पाहून तांड्याकडं चालू लागली. थुंकली असती तरी बरं झालं असतं.

चोवीस वर्षं मी ज्यांना शिव्या दिल्या, आज त्यांच्यातली झाले. थू!

६ एप्रिल

आले. माणिकराव, त्यांचा भाऊ आणि एक मध्यस्थ. माणिकराव काटक, कमी बोलणारे, चपला हातात घेऊन बांधावरून चालणारे. सासरे पुढं पुढं — हे बघा, ते बघा, पाट बघा, चारी बघा. त्यांचा गुडघा आज दुखत नव्हता.

मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं होते. खालच्या रानाच्या कडेला माणिकराव थांबले. मग वाकले, चिमूटभर माती उचलली आणि तोंडात टाकली.

अगदी आबा!

सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं — खरंखुरं. "आमचे व्याही बी अस्सेच! मातीला परसाद माननारी मानसं तुमी!" माणिकरावांनी पलीकडं तोंड करून चूळ भरली आणि म्हणाले, "पसंत हाय."

सुपारी फुटली. पेढे वाटले. सोमेश्वर लाजून लाल झाला. माझा साधा पोरगा! त्याच्या तोंडाकडं पाहून मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण माझ्या डोळ्यांपुढं ती न पाहिलेली मुलगी. जेठात येईल आणि विचारेल, "मामी, इथं चुना कुणी सांडला?" मी काय तोंडाला पदर लावून हसू?

७ एप्रिल

नाही. हे होऊ द्यायचं नाही.

१० एप्रिल

मीठ वर आलं. पहिल्यापेक्षा दोन सऱ्या पुढं सरकलं आहे. सासरे म्हणतात, "आता येऊ दे. सुपारी फुटली."

१५ एप्रिल, रविवार

थापा मारल्या. आबांना बरं नाही, सेनगावाकडं जाऊन येते म्हणाले. वसमतहून हिंगोलीची एस.टी., पुढं सेनगाव, तिथून गोरेगावची जीप — पायाखाली कोंबड्यांची पाटी, मांडीवर कुणाचं तरी लेकरू. सगळी वाट मनात वाक्यं घोकत होते. आबांचं गाव रस्त्यातच लागलं. उतरले नाही. आबांसमोर काय तोंड दाखवू? तुम्हाला फसवलं तसं मी आता दुसऱ्याला फसवलं, असं सांगू?

माणिकरावांचं घर स्वच्छ. अंगणात तुरीचा भुसा. मला पाहून ते गडबडले. विहीणबाई एकटी आली, म्हणजे काहीतरी वावगं! मी बसलेही नाही. उभ्यानंच सांगून टाकलं — खालचं रान मिठाचं आहे. पाणी सोडून दाखवलं. ते पाणी मी सोडलं, माझ्या हातानं. मुलगी द्यायची की नाही ते आता ठरवा.

वाटलं होतं संतापतील. सुपारी अंगावर फेकतील. मी त्याला तयार होऊन आले होते.

माणिकराव म्हणाले, "बसा. ठाऊक हाय मला."

"काय ठाऊक हाय?"

"मीठ. मी जिभेवर ठिवून पाह्यलं की. ओली केली म्हनून माती गोड व्हते व्हय? चिमूटभर तोंडात टाकली की कळते. आमच्याकडं सगळेच असं पाहतेत."

"मग हो काहून म्हणालात?"

"बाई, तुमच्याकडं पाटाचं पानी हाय. खारट असो, काई असो, पानी हाय. हितं माझी पोरगी चैतापासून कोसभर घागर वाहते. पोरगं निर्व्यसनी हाय. अन् खरं सांगू? दोन एकरात मीठ हाय म्हनून तर तुमी आमच्यासारख्याला हो म्हंता. न्हाईतर पाटाखालचे लोक कोरडवाहूची पोरगी करतेत काय?"

किती शांतपणे बोलला! बाजारात डाग पडलेलं वांगं जरा स्वस्तात पडतं, तसा. आमच्या घरच्यांचा मला राग येतो. या माणसाची मला किळस आली. फसवणारे एक वेळ परवडले! हा तर जाणूनबुजून मुलगी मिठात घालायला निघाला, वर तिच्याच भल्याची गोष्ट करतो.

आणि ती मुलगी दारात उभी होती. कडेवर घागर. सगळं ऐकलं तिनं.

जीपच्या थांब्यापर्यंत ती माझ्याबरोबर आली. निम्म्या वाटेवर घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "मामी, ते मीठ जात न्हाई का कशानंच?"

मी सांगितलं — चर, वहाळ, सासरे, म्हसोबाच्या कोपऱ्यातली माती, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे इलाज हाय, अन् करून नाही राहिले."

"व्हय."

"मंग घरी सांगा. आधी चर, मंग हळद. चर खोदल्याबिगर मी न्हाई येत. बाबाला मी सांगते."

एवढीशी पोर! जीप सुटली तरी तिथंच उभी होती.

१६ एप्रिल

झोप नाही. एक गोष्ट डोक्यात शिरली आहे आणि निघत नाही. "आमच्याकडं सगळेच असं पाहतेत."

नाही. आबा तसे नव्हते. आबांनी भक्तीनं खाल्ली ती माती. पंढरपूरची माळ गळ्यात घातलेला माणूस तो. मुलगी देताना रडलेला. असा माणूस चाखून पाहील, आणि तरी देईल? छे!

असलं मनात आणल्याबद्दल माझीच मला लाज वाटली.

२४ एप्रिल

माणिकरावांचं पत्र आलं. सासऱ्यांनी सोमेश्वरला मोठ्यानं वाचायला लावलं. "पोरगी ऐकत नाही. आधी चर काढा, नाल्यापर्यंत. मग तारीख काढू. कमीजास्त क्षमा असावी."

सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा होता! "घरात यायच्या आधीच घर खनायला लागली? मोडा सोयरीक! दुसरी पोरगी पाहू!"

हे म्हणाले, "मामा म्हंतात ते—"

आणि सोमेश्वर मधेच म्हणाला, "मी दुसरी न्हाई करनार."

बास, एवढंच. पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि फावडं घेऊन गेला. माझा साधा पोरगा! संध्याकाळपर्यंत एकट्यानं दहा हात खणलं. सासरे ओसरीवरून ओरडत होते. गुडघा पुन्हा धरला होता, त्यामुळे तिथवर जाता येत नव्हतं.

२९ एप्रिल

फुलसिंग त्याचे चार भाऊबंद घेऊन आला. बोलावलं नव्हतं. म्हणाला, "आमच्या कडेचा आमी खनतो. तुमचा तुमी." जिवनबाईनं भाकरी आणल्या आणि मला न विचारता माझ्या पदरात दोन टाकल्या. ठेचा इतका तिखट की डोळ्यांतून पाणी. त्या निमित्तानं थोडं जास्तच आलं.

७ मे

कमरेइतकं खाली गेल्यावर आज वाळू लागली. जाड वाळू, गोल गोटे, शिंपल्यांचे तुकडे. वहाळाचा तळ! जसाच्या तसा, तीस वर्षं पुरलेला. आणि वाळूत पाणी चालायला लागलं — आपोआप, नाल्याच्या दिशेनं. कुणाला वाट दाखवावी लागली नाही. घाण वास मारत होतं, तांबूस, वर तवंग. तरी सगळे काठावर बसून ते पाहत राहिले.

सासऱ्यांना बैलगाडीत घालून आणलं. खाली वाकून वाकून पाहत होते. मला वाटलं आता तरी काही बोलतील. म्हणाले, "चार सऱ्या गेल्या."

१९ जुलै

धो धो. चर भरून चालला आहे. जाऊ दे! जाऊ दे सगळं!

११ नोव्हेंबर

खालच्या रानात हरळी उगवली. लोक तिला उपटून फेकतात. मी आज तासभर बघत बसले.

हंगामाआधी आम्ही हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून गाडला होता, कृषी सहायकानं सांगितला म्हणून. त्याला मी खरं काय ते सांगितलं, म्हसोबाच्या मातीसकट. तो हसला नाही. म्हणाला, "काकू, निम्म्या गावांचे नमुने म्हसोबाचेच येतात."

५ फेब्रुवारी २००२

नव्या डायरीत लिहिते आहे. खालच्या दोन एकरांपैकी एकात हरभरा आला. बुटका, पण हिरवा. कडेच्या पट्ट्यात अजून पांढरं आहे. तिथं फूटभर अंतरावर दोन-दोन झाडं. असू दे. चर केवढा, तीस वर्षं केवढी!

सासरे आता पाहुण्यांना चर दाखवतात. "आमी काढला."

किळस यायचीसुद्धा माणसाला सवय होते.

२ मे

परवा लग्न. माणिकराव काल येऊन गेले. चरापाशी उभे राहिले, माझ्याकडं पाहिलं, मान खाली घातली. माझ्या मनातून ते उतरले ते उतरलेच. मिठाची चव कळली आणि तरी मुलगी दिली — असा बाप मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. शिवकन्येला मी पोटच्या पोरीसारखी ठेवीन. तिनं जे मिळवलं ते बापानं दिलेलं नाही.

आबांना आणायला जाऊबाईचा पोरगा उद्या जाईल. मी बजावलं आहे, सावकाश आण, एस.टी.त खिडकी धर त्यांना. ऐंशी वर्षांचं माणूस. त्यांना चर दाखवायचा आहे. म्हणायचं आहे, आबा, तुम्हाला फसवलं होतं ना यांनी — बघा, मी फेडलं.

३ मे

आबा आले. भाकर खाल्ली नाही, चहा घेतला नाही, म्हणाले आधी रान दाखव. काठी टेकत चरापर्यंत आले. उभे राहिले. मग वाकले, पांढऱ्या पट्ट्याच्या कडेची चिमूटभर माती उचलली, तोंडात टाकली, जिभेवर घोळवली आणि थुंकली.

म्हणाले, "कमी झालं की गं. तवा लई खारट व्हती."